‘मी भाकरी खाल्ली’ आणि इटालियन भूतकाळ

इटालियन शिकणारी आपली मुलं एका साध्या वाक्यापाशी अडतात. ‘मारिओ ए आंदातो’ म्हणजे मारिओ गेला. पण मारिया गेली, तर ‘मारिया ए आंदाता’. शेवटच्या ‘तो’चा ‘ता’ का झाला, असं विचारतात. मी म्हणतो, ‘गेला’चं ‘गेली’ का होतं? ते तुम्हाला कुणी शिकवलं होतं का? आपण इटालियनकडे इंग्रजीच्या खिडकीतून बघतो, तिथे घोटाळा होतो. इंग्रजीत मारिओ असो की मारिया, ‘वेंट’ ते ‘वेंट’च.

हा ‘ए’ म्हणजे ‘आहे’. जाणं, येणं, जन्मणं, मरणं अशा क्रियांना तो लागतो आणि रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या खोऱ्यात लढताना पडले; मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्याबद्दल तिथला माणूस ‘ए मोर्तो’ म्हणेल. हा ‘मोर्तो’ आणि आपला ‘मृत’, दोघे चुलतभाऊ बरं का.

आता खाणं. इथे ‘ओ’ येतो, म्हणजे ‘माझ्याजवळ आहे’. ‘ओ मांजातो ला मेला’, मी सफरचंद खाल्लं. (‘मेला’ म्हणजे सफरचंद, हसू नका!) ‘मेला’ स्त्रीलिंगी, तरी ‘मांजातो’ तसंच राहिलं. पण नुसतं ‘ते मी खाल्लं’ म्हणायचं असेल तर सर्वनाम ‘ला’ आधी येतं, ‘ओ’ला चिकटतं आणि होतं ‘लो मांजाता’. बोलणारा पुरुष असला तरी ‘ता’च!

असं का? जुन्या लॅटिनमध्ये रचना होती ‘लिहिलेली चिठ्ठी माझ्याजवळ आहे’, अशी. ‘लिहिलेली’ हे चिठ्ठीचं विशेषण. त्यातूनच पुढे हा भूतकाळ घडला, आणि वस्तू आधी आली की ते जुनं नातं जागं होतं. आपल्याकडे हेच ‘मया पत्रं लिखितम्’ अशा संस्कृत रचनेतून आलं. म्हणून मी भाकरी खाल्ली, मी भात खाल्ला. खाणारा मीच, पण क्रियापद ताटाकडे बघतं. सोलापुरातच शेजारच्या कन्नड घरात ‘नानु रोट्टी तिंदे’ म्हणतात. तिथे क्रियापद ‘मी’कडे बघतं.

मात्र सगळंच जुळेल असं धरू नका. ‘मी चालले’ असं मुलगी म्हणते, पण इटालियनमध्ये चालण्याला ‘ओ’ लागतो, ‘ओ कामिनातो’, आणि मुलगी असली तरी ‘तो’च. कुठे ‘ए’ आणि कुठे ‘ओ’, ती यादी पाठच करावी लागते.