गुडघ्याची भाररेषा बदलणारी शस्त्रक्रिया

गुडघ्याच्या संधिवातात कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, बहुधा आतल्या बाजूने आधी झिजते. कारण चालताना सांध्यावरील भाराचा मोठा वाटा याच बाजूवर येतो आणि पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला की तो आणखी वाढतो. झीज एकाच बाजूपुरती असेल आणि रुग्ण तुलनेने तरुण, कष्टाची कामे करणारा असेल, तर कृत्रिम सांधा बसवण्याआधी ‘हाय टिबिअल ऑस्टिओटॉमी’ या शस्त्रक्रियेचा विचार अवश्य व्हायला हवा, कारण तीत स्वतःचा सांधा शाबूत राहतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे मार्क कॉव्हेन्ट्री यांनी 1965 मध्ये हाडाची पाचर काढून पाय सरळ करण्याची पद्धत मांडली. आज मात्र फट उघडण्याची पद्धत अधिक रूढ आहे. तीत नडगीचे हाड गुडघ्याखाली आतून तिरके कापतात, बाहेरच्या कडेचा सुमारे 1 सेंटिमीटर भाग मुद्दाम अखंड ठेवतात आणि त्याच बिजागरीवर फट हळूहळू उघडून खुब्यापासून घोट्यापर्यंतची भाररेषा गुडघ्याच्या मध्यापासून थोडी बाहेर नेतात. उघडलेली फट धातूच्या पट्टीने व स्क्रूंनी पक्की केली जाते.

फट मोठी असल्यास अस्थिरोपण करतात. कमरेच्या हाडातून घेतलेला रुग्णाचाच तुकडा जिवंत पेशींमुळे उत्तम सांधतो, पण काढल्या जागी दुखणे मागे ठेवू शकतो. म्हणून दात्याचे हाड किंवा कॅल्शियम फॉस्फेटही वापरले जाते. धूम्रपानाने हाड जुळणे लांबते, आणि ही गोष्ट रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे.