वर्धेच्या पाण्याखालचा सीलाकँथ

‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या निन्टेंडोच्या गेममध्ये जमिनीवर चांदणीसारखी भेग दिसली, की फावडं मारायचं. निघालेला जीवाश्म संग्रहालयातल्या ब्लॅदर्स नावाच्या घुबडापुढे ठेवला, की तो क्षणात ओळखतो. अशा जीवाश्मांत एक मासा आहे यूस्थेनोप्टेरॉन, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचा लांबचा भाऊबंद सीलाकँथ मात्र तिथं मत्स्यालयात पोहतो, आणि ते बरोबरच आहे. डायनासोरांबरोबर संपला असं समजलं गेलेला हा मासा १९३८ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत जाळ्यात आला. तिथल्या संग्रहालयाच्या मार्जरी कोर्टने-लॅटिमर यांनी तो मासळीच्या ढिगातून वेगळा काढला. या दोन्ही माशांच्या परांच्या बुडाशी मांस आणि हाडं असतात. आपल्या हातापायांचं मूळ अशाच परांत आहे.

गेममध्ये सीलाकँथ फक्त पावसातच गळाला लागतो. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या एखाद्या पोराला तो लागलाच, तर त्याला या माशाचा जवळचा पत्ताही सांगायला हवा. आपली वर्धा नदी पुढे वैनगंगेला मिळते आणि प्राणहिता होते. तिच्या काठी, सिरोंचाच्या वरच्या अंगाला कोटा हे गाव आहे. त्याच्या नावानं ओळखले जाणारे ज्युरासिक काळातले थर नदीपलीकडे तेलंगणातही पसरलेत. त्यांतून मिळालेल्या सीलाकँथचं वर्णन एस. एल. जैन यांनी १९७४ मध्ये केलं. नाव, इंडोसीलाकँथस रोबस्टस.

गंमत अशी, की आजचा सीलाकँथ शंभराहून अधिक मीटर खोल समुद्रात राहतो, तर कोटाचा चुनखडक गोड्या पाण्याच्या तळ्यांत साचला असं बहुतेक अभ्यासक मानतात. तळाशी चुन्याचा बारीक गाळ, वर संथ पाणी. मेलेला मासा त्यात अलगद पुरला जायचा. याच थरांतल्या लेपिडोटिस माशाचे खवले तर दातांवरच्या आवरणासारखे चकचकीत आणि टणक. त्याचं वर्णन इंग्लंडमध्ये फिलिप एगर्टन यांनी १८५१ मध्येच केलं होतं.

गेममध्ये तोच जीवाश्म दुसऱ्यांदा निघाला, तर दुकानात विकता येतो. नदीकाठी तसं नको. दगडावर खवल्यांची नक्षी दिसली, तर हातोडी न मारता, दगड न हलवता फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.