खाल्लेल्या पानांचा तास

संपादकांनी विचारलं होतं, अंधेरीतल्या शाळांना फुलपाखरांची बाग करून विज्ञान शिकवता येईल का? अंधेरीत शाळेला मैदान मिळायची मारामार, तिथे बाग कुठली! म्हणून आधी ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळे गावात गेलो. तिथली ‘ओवळेकर वाडी’ राजेंद्र ओवळेकर यांनी उभी केली. मूळचे ते खेळाचे शिक्षक. वडिलोपार्जित जमिनीवर त्यांनी फुलपाखरांना लागतील ती झाडं लावली, आणि फुलपाखरं आपली आपण आली. रविवारी लोक बघायला येतात.

वाडीचं खरं गुपित फुलांत नाही, पानांत आहे. मध बऱ्याच फुलांवर मिळतो. अंडी मात्र ठरलेल्या झाडावरच घालायची असतात. प्लेन टायगरला रुई लागते, रेड पिएरोला पानफुटी, कॉमन मॉरमॉनला लिंबू नाहीतर कडीपत्ता. नुसती फुलं लावणं म्हणजे पाहुण्याला चहा पाजून मुक्कामाला नाही म्हणण्यासारखं.

मी अडकलो तो कडीपत्त्यापाशी. मॉरमॉनची मादी पानावर पुढचे पाय आपटते, कारण तिला पायांनीच चव कळते. झाड पटलं की एकेक अंडं ठेवते. त्यातून निघालेली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पक्षी सहसा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून लाल शिंगं काढून उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, म्हणजे एका चाचणी परीक्षेपासून दुसरीपर्यंत सगळं आटोपतं. मुलांनी रोज पान आलेखाच्या कागदावर ठेवून खाल्लेले चौकोन मोजावेत. शेजारी दुधीचा वेल असेल तर एका मादी कळीवर मलमलची पिशवी बांधावी, दुसरी उघडी ठेवावी. कोणती धरते आणि कोणती गळते, हे पाहिलेल्याला परागीभवनाची व्याख्या घोकावी लागत नाही.

याला जागा फार लागत नाही, गॅलरीतल्या चार कुंड्या पुरतात. तरी हे फारसं होत नाही, कारण अडचण माणसांची आहे. कुरतडलेलं पान दिसलं की माळीदादा फवारणी करतात. बिचाऱ्यांना आजवर हिरव्यागार, निर्दोष झाडांसाठीच शाबासकी मिळाली आहे. नर्सरीतून आणलेल्या रोपावर अनेकदा आधीच औषध मारलेलं असतं, आणि अळ्या दोन दिवसांत मरतात. पालकांना वाटतं सुरवंटाने खाज सुटेल. मॉरमॉनची अळी गुळगुळीत असते, पण हे त्यांना सांगायचं कोणी? डेंग्यूच्या भीतीने कुंडीखालच्या बशीतलं पाणी सारखं ओतावं लागतं. मे महिन्यात शाळा बंद, पाणी घालायला कोणी नाही. पावसाळ्यानंतर फुलपाखरं भरात येतात, तेव्हा मुलं सहामाहीच्या तयारीत.

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. मुख्याध्यापकांचा शब्द लागतो. तेव्हा मुख्याध्यापकांना एवढीच विनंती: येत्या जूनमध्ये कडीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवा, त्यांच्यावर फवारणी करायची नाही असं माळीदादांना स्वतः सांगा, आणि पानं खाल्ली गेली तर त्यांना बोल लावू नका.