बंबाचे तीन नियम आणि गिझर

घरातले पाणी, घरातली वीज : लेखांक 6

मागच्या आठवड्यात आपण मोटारीने पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवले. आज तेच पाणी तापवायचे आहे.

डिसेंबरात सेलू तालुक्यातल्या वालूरला मावशीकडे मुक्काम होता. परभणी जिल्ह्यातली थंडी अनुभवल्याशिवाय कळत नाही. कृषी विद्यापीठात पारा किती उतरला, ही बातमी त्या दिवसांत सगळे आधी वाचतात. पहाटे न्हाणीघरातल्या गिझरमधून तडतड आवाज यायला लागला. मावशी म्हणाली, "ऐक. ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतोय महिनाभर. पाणी तर तापतंय. मग ह्याला झालंय काय?"

पाणी तापते आहे तोवर यंत्र ठणठणीत, असे धरून आपण चालतो. घोटाळा इथेच होतो. पाणी तापवणारे साधन सहसा अचानक बंद पडत नाही. आधी कित्येक आठवडे ते आवाजातून, रंगातून, ठिबकण्यातून सांगत असते. ते ऐकायची सवय आपल्या घरांना एकेकाळी होती, कारण न्हाणीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब असे. मावशीकडे तो अजून आहे, कपडे वाळत घालायच्या काठीशेजारी उभा. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, जे हाती येईल ते त्याच्या मधल्या नळीत घालायचे आणि भोवतीचे पाणी तापवायचे. बंब वापरणाऱ्या प्रत्येक घरात तीन नियम पाठ असत : आधी पाणी, मग विस्तव; वाफेला वाट; रोज राख काढायची. गिझर, हीटरचा रॉड, सोलर ही सगळी त्याच बंबाची नातवंडे आहेत. नियमही तेच आहेत.

पहिला नियम : आधी पाणी

बंब कोरडा पेटला की सांध्यांचा डाख वितळे आणि बंब गळायला लागे. गिझर कोरडा तापला की एलिमेंट जळते. एलिमेंटची उष्णता पाणीच वाहून नेते. पाणी नसेल तर ती त्याच्या अंगातच साठते आणि काही मिनिटांत आतली तार तुटते.

टाकीच्या गिझरमध्ये थंड पाणी तळाशी शिरते आणि गरम पाणी वरच्या थरातून बाहेर पडते. म्हणजे थंड पाण्याचा रेटा असेल तरच गरम नळाला धार येते. गच्चीवरची टाकी रिकामी असली की धार थांबते. अशा वेळी खालचा एखादा नळ उघडा राहिला तर गिझरमधले पाणी उलटे खाली उतरू शकते. ते अडवायला थंड पाण्याच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह असतो, पण त्यात कचरा अडकला की तो नीट बसत नाही. म्हणून सवय अशी लावा : आधी गरम नळ उघडायचा, सलग धार येते का ते पाहायचे, मगच बटण दाबायचे.

रॉडचा क्रम तर लेकरांनाही शिकवायला हवा. बादलीत खुणेपर्यंत पाणी, मग रॉड, मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पाण्याला हात. चालू रॉडच्या पाण्यात बोट घालून ते किती तापले हे पाहणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

सोलरच्या काचनळ्यांनाही हाच नियम लागू आहे. टाकी रिकामी होऊन नळ्या भर उन्हात कोरड्या पडल्या की आतून भाजून निघतात. त्यात दुपारी थंड पाणी सोडले तर काच तडकते. पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरच भरावे. टाकी बरेच दिवस रिकामी राहणार असेल तर नळ्यांवर गोणपाट टाकून ठेवावे.

दुसरा नियम : वाफेला वाट

पाणी तापले की फुगते. 20 अंशांचे पाणी 60 अंशांवर गेले की दीड टक्का वाढते. 15 लिटरच्या गिझरमध्ये ही वाढ जवळजवळ पाव लिटर होते. मागे जायचा रस्ता व्हॉल्व्हने अडवलेला असेल, तर हे जास्तीचे पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडते. त्यामुळे तापत असताना ठिबकणारा व्हॉल्व्ह आपले काम करत असतो. त्याला एमसील लावून, खुंटी ठोकून बंद करणे म्हणजे बंबाचे झाकण वीट ठेवून दाबण्यासारखे आहे. गिझर बंद असतानाही दिवसभर पाणी ठिबकत असेल तर मात्र व्हॉल्व्हच्या बैठकीत खडा अडकला आहे किंवा पंपाचा दाब जास्त आहे. खडा असेल तर व्हॉल्व्ह बदलावा. तो महाग नसतो.

पाणी किती तापवायचे हे थर्मोस्टॅट ठरवतो. तो चिकटून बसला की एलिमेंट बंदच होत नाही. पाणी उकळीला पोचते, नळातून वाफ आणि पाणी फसफसत येते. तेव्हा बाथरूममध्ये थांबू नका. बाहेर येऊन मेन बटण बंद करा, दोन तास निवू द्या आणि मग मिस्त्रीला बोलवा. थर्मोस्टॅटवर आणखी एक पहारेकरी असतो, तो म्हणजे कटआऊट. तो वारंवार पडायला लागला की काही जण सांगतात, "डायरेक्ट करून देतो, त्रासच नको." ठामपणे नाही म्हणा. कटआऊट पडतो तो कुठल्या तरी बिघाडामुळे. तो काढून टाकला की बिघाड जागच्या जागी राहतो, फक्त सांगणारे कुणी उरत नाही.

थर्मोस्टॅट 55 ते 60 अंशांच्या आसपास पुरतो. 60 अंशांचे पाणीही काही सेकंदांत कातडी भाजते, त्यामुळे लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या बादलीत आधी थंड पाणी घ्या, गरम नंतर.

तिसरा नियम : राख काढा

आता मावशीच्या लाह्यांकडे येऊ. वालूरची चक्राकार बारव प्रसिद्ध आहे. गोल फिरत खाली उतरणाऱ्या तिच्या पायऱ्या अनेकांनी चित्रात तरी पाहिल्या असतील. बारव असो, आड असो की बोअर, मराठवाड्यातले हे पाणी काळ्या बेसाल्टच्या भेगांतून झिरपत येते आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेते. या पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर 600पर्यंत चालवून घ्यावा, असे भारतीय मानक सांगते. पोटाला चालणारे हे पाणी गिझरला मात्र जड जाते.

विरघळलेला हा क्षार तापल्यावर फुटतो. त्यातला वायू उडून जातो आणि खडूसारखा पांढरा थर एलिमेंटवर बसतो. हिशेब करून पाहा. लिटरला 300 मिलिग्रॅम कठीणपणा धरला आणि घरात रोज 60 लिटर गरम पाणी लागत असेल, तर रोज 18 ग्रॅम क्षार गिझरमधून जातो. त्याचा दहावा हिस्सा जरी आत बसला, तरी थंडीच्या चार महिन्यांत पाव किलोच्या आसपास साठतो. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर फोडून बाहेर पडते. तीच ही तडतड.

लोकांना वाटते की थरामुळे पाणी उशिरा तापते. विजेच्या गिझरमध्ये एलिमेंट जेवढी वीज खाते तेवढी उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते, त्यामुळे वेळेत फार फरक पडत नाही. खरी झळ एलिमेंटला बसते. थराखाली ते आतून भाजत राहते आणि एक दिवस त्याचे आवरण चिरते. मग विजेचा आणि पाण्याचा थेट संबंध येतो.

मावशीचा गिझर आम्ही त्याच दुपारी खोलला. आधी मेन बटण बंद, प्लग बाहेर, गिझर पूर्ण निवलेला, थंड पाण्याचा कॉक बंद. खालून पाणी सोडले तर बादलीत चुनखडीसारखा रवा उतरला. चार नट सोडवून एलिमेंट ओढले, पण ते येईना. हळूहळू हलवल्यावर बाहेर आले तेव्हा करंगळीएवढी नळी अंगठ्याएवढी झाली होती. वर तपकिरी-पांढरी खपली, भिंतीच्या लिंपणासारखी. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून त्यात एलिमेंटचे तापणारे टोक तासभर बुडवले. वायरीची बाजू कोरडी राखली. बारीक बुडबुडे येत राहिले आणि खपली सुटत गेली. सुरीने खरवडले नाही, कारण आवरणाला चरा गेला तर एलिमेंट टाकूनच द्यावे लागते. संडास धुण्याचे ॲसिडही यासाठी वापरू नये, ते धातू खाते.

खपलीचा तुकडा हातावर घेऊन मावशी म्हणाली, "बंबातली राख रोज काढायचो आम्ही. ह्याच्यात बी राख असती, हे कुणी सांगितलंच नाही की."

एलिमेंटशेजारी मॅग्नेशियमची एक कांडी होती, झिजून काडीसारखी झालेली. ही कांडी स्वतः गंजते आणि टाकीला गंजण्यापासून वाचवते. ती संपली की गंज टाकीला धरतो आणि गरम पाणी तांबूस यायला लागते. म्हणून बोअरचे पाणी असेल तर वर्षातून एकदा, थंडी सुरू व्हायच्या आधी, एलिमेंटची सफाई करा आणि कांडी पाहून घ्या. रबरी गॅस्केट दरवेळी नवे टाका. पावसाचे किंवा धरणाचे पाणी बहुधा कमी जड असते. ते मिळत असेल तर गिझरला तेच द्या.

पाणी उशिरा का तापते?

15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60वर न्यायला सुमारे 0.7 युनिट वीज लागते. 2 किलोवॉटच्या गिझरला त्यासाठी 21 मिनिटे पुरतात. तुमच्याकडे जास्त वेळ लागतो का? आधी व्होल्टेज पाहा. एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते. 230 व्होल्टऐवजी 180 मिळाले, तर ताकद 61 टक्क्यांवर येते आणि 21 मिनिटांची 34 होतात. पहाटे गावभर रॉड आणि गिझर लागले की हेच होते. अशा वेळी गिझर उघडून काही हाती लागणार नाही. अर्धा तास आधी किंवा नंतर लावून पाहा.

व्होल्टेज ठीक असूनही पाणी कोमटच राहत असेल तर थर्मोस्टॅट लवकर तुटतो आहे. दिवा लागतो पण पाणी अजिबात तापत नाही, याचा अर्थ बहुधा एलिमेंट गेले आहे.

चौथा नियम : बंबाला नव्हता तो

विस्तवाच्या जागी वीज आली आणि एक नियम वाढला. नळाला हात लावताच मुंग्या आल्या तर त्याच क्षणी मेन बटण बंद करा आणि दुरुस्तीपर्यंत गिझर लावू नका. 2 किलोवॉटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, 3 किलोवॉटचा 13. दोघांनाही 16 अँपिअरचाच प्लग हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको. काळा पडलेला किंवा गरम लागणारा प्लग आधी बदला. मीटरजवळ गळती होताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा आणि तिचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. दाबल्यावर वीज गेलीच पाहिजे.

गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत हवा. बंद खोलीत हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीत डोके जड झाले, मळमळले की गॅस बंद करून ताबडतोब बाहेर या. निळी ज्योत पिवळी झाली किंवा काजळी धरली तर सफाई होईपर्यंत गिझर वापरू नका. दर हिवाळ्यात या वायूमुळे माणसे जातात आणि यातला एकही मृत्यू अटळ नसतो.

प्लग पाहणे, व्हॉल्व्हवर नजर ठेवणे, पाणी तापायला किती मिनिटे लागतात ते मोजणे ही घरची कामे आहेत. एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि वायरिंगला हात घालायचा तर जाणकार वायरमनला सोबत घ्या. आम्हीही घेतला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी न्हाणीच्या दाराशी कान देऊन उभी राहिली. आतून पाण्याची हलकी सळसळ येत होती, बाकी काही नाही. "आता बोलतंय नीट," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात अर्थिंगचा खड्डा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातला ओलावा जातो आणि घरात अर्थिंग असूनही नसल्यासारखे होते. ते कसे ओळखायचे आणि त्यावर काय करायचे, ते पाहू.