चुंबक न चिकटणारा पत्रा
मोटारीची अंगकाठी : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण पोलादी सांगाडा पाहिला. आता त्यावर चढणारा पत्रा.

यवतमाळ जिल्ह्याला अॅल्युमिनियमच्या बॉडीची ओळख परदेशी मोटारींनी नव्हे, एसटीने करून दिली. पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा, आगार कोणतंही घ्या, लाल गाड्यांचा पत्रा वर्षानुवर्षे अॅल्युमिनियमचाच होता. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगणा इथल्या महामंडळाच्या कार्यशाळांत चासिसवर या बॉडी बांधल्या जात. पत्रा रिव्हेटने ठोकलेला. रिव्हेट सैल झाली की सीटजवळचा पत्रा खडखडायला लागायचा आणि पुढचं गाव येईपर्यंत थांबायचा नाही.

गेल्या काही वर्षांत एसटी मात्र माइल्ड स्टीलच्या, म्हणजे एमएस बॉडीकडे वळली. अपघातात ही बॉडी जास्त टिकते, हे त्यामागचं मुख्य कारण. इकडे महागड्या मोटारी पोलाद सोडून अॅल्युमिनियमकडे निघाल्या आहेत. मग बरोबर कोण?

आधी वजनाचा हिशेब करू. एक घनसेंटिमीटर पोलाद ७.८५ ग्रॅम भरतं, अॅल्युमिनियम २.७ ग्रॅम. फरक जवळजवळ तिपटीचा. पण अॅल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच असतो. तेवढ्याच जाडीचा पत्रा लावला, तर बॉनेट तळहाताच्या दाबानेही लवेल. म्हणून पत्रा जाड घ्यावा लागतो, पण तिप्पट नाही. जाडी वाढली की वाकण्याला होणारा विरोध घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सुमारे दीडपट जाडी पुरते. ०.७ मिलिमीटर पोलादी पत्रा चौरस मीटरला साडेपाच किलो भरतो. त्याच्या जागी १ मिलिमीटर अॅल्युमिनियम लावलं तर २.७ किलो. म्हणजे वजन तिसऱ्या हिश्शावर नाही, पण निम्म्यावर नक्की येतं.

मोटारी या धातूकडे वळल्या त्यात टंचाईचाही हात होता. १९४८ साली, पुणे–नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी सुटली त्याच वर्षी, ब्रिटनमध्ये लँड रोव्हर बाजारात आली. युद्धानंतर तिथे पोलादाचं रेशनिंग होतं, म्हणून तिला अॅल्युमिनियमचा पत्रा लागला. २००३च्या जॅग्वार एक्सजेची तर अख्खी बॉडीच अॅल्युमिनियमची. या दोन्ही कंपन्या २००८पासून टाटांकडे आहेत.

त्या जॅग्वारची जोडणीही प्रामुख्याने रिव्हेटची, सोबत चिकटद्रव्य. अॅल्युमिनियम वीज आणि उष्णता झटकन वाहून नेतं, त्यामुळे स्पॉट वेल्डिंग अवघड जातं. शिवाय धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय दोन हजार अंशांच्या पुढे.

डेंटरची पंचाईत इथेच होते. पोलादी पत्रा तापून लाल झाला की कारागिराला अंदाज येतो. अॅल्युमिनियम लाल दिसायच्या आतच वितळून खाली येतं. त्यात पोलाद ठोकलेलीच हत्यारं वापरली, तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि ओल लागली की तिथून पत्रा खायला सुरुवात होते. हत्यारं वेगळी, जागा वेगळी. त्यामुळे पोचा काढण्यापेक्षा अख्खा पॅनल बदलणंच अनेकदा सोपं पडतं, आणि बिल फुगतं.

आता निवाडा. एसटीला अशी बॉडी हवी, जी अपघातात आणि खड्ड्यांत टिकेल आणि कोणत्याही आगारात वेल्डिंग करून दुरुस्त करता येईल. मोटारीच्या कंपनीला इंधन वाचवायचं असतं किंवा बॅटरीचं ओझं भरून काढायचं असतं. मोटारीत टक्कर झेलण्याचं काम बाहेरच्या पत्र्याचं नाहीच. ते आतल्या सांगाड्याचं. म्हणून दोघेही आपापल्या जागी बरोबर.

जुनी गाडी घेताना फडक्यात गुंडाळलेलं चुंबक बॉनेटवर फिरवून पाहा. कुठेच चिकटलं नाही, तर पत्रा बहुधा अॅल्युमिनियमचा. बाजूला चिकटतं आणि मध्येच एका ठिकाणी सुटतं, तर तिथे पुट्टीचा जाड थर आहे असं समजा आणि भाव पाडून मागा.

(पुढील आठवड्यात : रंगाचे थर)