साडेचौदा मिलिमीटरचं भांडण

बेब्लेडचे लढाऊ भोवरे जमवणाऱ्या चार माणसांना एका टेबलाशी बसवा आणि विचारा, सगळ्यांत चांगली पिढी कोणती? पहिला १९९९ म्हणेल, दुसरा २००८, तिसरा २०१५. वयाने सगळ्यांत धाकटा असेल तो हसून सांगेल, की २०२३ च्या 'एक्स'पुढे बाकीचं सगळं पोरखेळ. चहा गार होईल, पण निकाल लागणार नाही.

वरवर पाहिलं तर यात शोधण्यासारखं काही नाही. ज्याने दहाव्या वर्षी जे हातात धरलं, ते त्याला थोर वाटतं. पण जरा वेळ ऐकत बसलं की लक्षात येतं, ही मंडळी आठवणींवर बोलतच नाहीत. ती बोलतात ग्रॅमवर, रबराच्या टोकाच्या झिजेवर, डाव्या-उजव्या फिरकीवर आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागावर. खेळणं एकच, पण ते जिंकायचं कशाच्या जोरावर, याचं उत्तर प्रत्येक पिढीने वेगळं दिलं. भांडण त्या उत्तराचं आहे.

जपानच्या टाकारा कंपनीने जुलै १९९९ मध्ये बेब्लेड बाजारात आणलं. ताकाओ आओकी यांची चित्रकथा 'कोरोकोरो कॉमिक' मासिकात त्याच वर्षी सुरू झाली आणि २००१ च्या जानेवारीत ॲनिमेशन मालिका जपानी दूरचित्रवाणीवर आली. पुढे ती कार्टून नेटवर्कवरून भारतात पोचली. ड्रगून, ड्रँझर, ड्रायगर, ड्रेसिएल ही भोवऱ्यांची नावं मराठी घरांतल्या पोरांना पाठ झाली ती तेव्हा. हे चौघे म्हणजे पूर्व आशियाई परंपरेतले चार दिशांचे रक्षक: निळा ड्रॅगन, लाल पक्षी, पांढरा वाघ आणि काळं कासव. कासवाला संरक्षणाचा भोवरा करणं आणि ड्रॅगनला हल्ल्याचा, ही योजना पोरांना समजावून सांगावी लागली नाही.

पण खेळ १९९९ चा नव्हे. त्याचा आजा बेगोमा. जेमतेम तीन सेंटिमीटर रुंदीचा, ओतीव लोखंडाचा, बसका भोवरा. मुळात शंखात वाळू किंवा शिसं भरून मेणाने तोंड बंद करत आणि तो दोरीने फिरवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शंखाची जागा लोखंडाने घेतली. तोक्योच्या उत्तरेला सायतामा प्रांतातलं कावागुची हे ओतकामाचं गाव. तिथल्या भट्ट्यांतून हे भोवरे निघत. दुसऱ्या महायुद्धात धातू सैन्याकडे गेला, तेव्हा चिनीमातीचे बेगोमा निघाले. युद्धानंतर लोखंड परतलं आणि भोवऱ्यांच्या पाठीवर बेसबॉलपटूंची, सुमो मल्लांची नावं उमटू लागली.

आपल्याकडच्या भोवऱ्याला आर असते आणि ती हत्यारासारखी वापरता येते. रिंगणातल्या भोवऱ्यावर नेम धरून मारायचं, लाकडाला भोकं पाडायची, जमलं तर तो चिरायचा. बेगोमाला आर नाही. बादलीच्या किंवा पिंपाच्या तोंडावर जाड कापड बांधायचं, मधे किंचित झोळ ठेवायचा आणि दोन भोवरे त्यात सोडायचे. झोळामुळे दोघे आपोआप मध्यभागी ओढले जातात, एकमेकांना धडकतात, आणि जो बाहेर फेकला जातो तो हरतो. हरलेला भोवरा जिंकणाऱ्याच्या खिशात. शाळांना हा प्रकार जुगार वाटे, आणि त्यांचं फारसं चुकतही नव्हतं.

पोरं दुकानातून आणलेला बेगोमा तसाच खेळायला नेत नसत. तो रस्त्याच्या कडेला, दगडावर घासून घासून बुटका करत, कडा धारदार करत. बुटका भोवरा समोरच्याच्या खाली शिरतो आणि त्याला उचलून फेकतो. म्हणजे उंचीचं शास्त्र तेव्हाच सापडलं होतं. फक्त ते शाळकरी पोरांच्या मनगटात होतं. टाकाराने केलं ते इतकंच, की ही घासाघीस भागांत वाटून डबीत भरली.

१९९९ च्या पिढीला संग्राहक 'प्लास्टिक' म्हणतात. नाव थोडं अन्यायाचं आहे, कारण तिच्या पोटात धातूची चकती होती. वर चित्राची टिकली, मग हल्ल्याचं कडं, मग ती चकती, आतला गिअर आणि खाली टोकासकट बूड असे पाच तुकडे. चकतीचं वजन मध्याशी ठेवायचं की कडेला, हा पहिला मोठा निर्णय. वजन जितकं कडेला तितका भोवरा फिरत राहण्याचा हट्ट जास्त, कारण त्याच्या जडत्वात अंतराचा वर्ग मोजला जातो. टोक सपाट असलं तर भोवरा सैरावैरा धावतो आणि लवकर दमतो. टोकदार असलं तर एका जागी उभा राहून समोरच्याचा दम पाहतो. ही पिढी आवडणारे सांगतात, की इतके विचित्र, इतके वेडे प्रयोग पुन्हा झाले नाहीत. बुडात चुंबक बसवले, ऐन लढाईत उसळी घेणारी स्प्रिंगची इंजिनं बसवली, बेअरिंग लावून मोकळं फिरणारी बुडं केली. त्या मोकळ्या बुडांवर बांधलेल्या डाव्या फिरकीच्या भोवऱ्यांना जाणकार 'झोंबी' म्हणत, कारण ते स्वतःहून काही करत नसत. समोरच्याची फिरकी पिऊन जिवंत राहत.

डाव्या-उजव्याची ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण वादातला निम्मा दारूगोळा तिथून येतो. दोन्ही भोवरे उजवीकडे फिरत असतील, तर भेटीच्या बिंदूवर त्यांच्या कडा एकमेकींच्या उलट दिशेने धावतात. धडक जोरदार होते, ठिणग्या उडाव्यात तशी. एक डावा आणि एक उजवा असेल, तर त्याच बिंदूवर कडा एकाच दिशेने धावतात, गिअरच्या दातांसारख्या एकमेकींना ढकलत जातात. वेगवान भोवरा मंद भोवऱ्याला वेग देऊन बसतो आणि दोघांची फिरकी हळूहळू सारखी होते. मग जिंकतो तो, ज्याला मंद फिरतानाही तोल सावरता येतो. पुढच्या पिढीत एल-ड्रॅगो नावाच्या डाव्या भोवऱ्यांनी याच युक्तीवर साम्राज्य उभं केलं, आणि रबर लावलेल्या एल-ड्रॅगोंनी तर फिरकी चोरण्याची कला पूर्णत्वाला नेली.

टाकारा आणि तोमी या कंपन्या २००६ मध्ये एक झाल्या. ऑगस्ट २००८ मध्ये 'मेटल फाइट' ही दुसरी पिढी आली. आता धातू पोटात नव्हता, बाहेर होता. जस्ताच्या मिश्रधातूचं जड चाकच समोरच्यावर आदळू लागलं आणि लढाईचा आवाज बदलला. माझ्या मते या पिढीची खरी करामत आवाजात नाही, नावात आहे. 'स्टॉर्म पेगासस १०५ आरएफ' या नावात भोवऱ्याची कुंडली लिहिलेली आहे. स्टॉर्म हे धातूचं चाक, पेगासस हे वरचं कडं, १०५ म्हणजे उंची साडेदहा मिलिमीटर, आरएफ म्हणजे रबराचं सपाट टोक. १४५ म्हटलं की साडेचौदा मिलिमीटर. दगडावर घासून जी उंची पोरं अंदाजाने कमी करत, ती आता मोजून, छापून, पाकिटात मिळू लागली.

आणि भांडण मोजमापावरून सुरू झालं. बुटका भोवरा हल्ल्याला चांगला, पण वाकला की जमिनीला लवकर घासतो. उंच भोवरा तोल जाईपर्यंत वाकू शकतो, पण त्याच्या मानेवर फटका बसतो. पुढे बसाल्ट नावाचं अवाढव्य जड चाक आलं. ते बीडी१४५ या रुंद चकतीच्या मधल्या भागावर चढवलं, वर वजनदार बोल्ट लावला, की समोर कोणीही असो, हा खांब हलत नसे. स्पर्धांत जो तो बसाल्ट घेऊन येऊ लागला. २००८ सालापासून चाहत्यांच्या स्पर्धांचे नियम सांभाळणाऱ्या वर्ल्ड बेब्लेड ऑर्गनायझेशनमध्ये म्हणूनच मेटल पिढीसाठी 'लिमिटेड' नावाचा वेगळा प्रकार रुजला. त्यात अतिबलाढ्य भागांना मनाई. जुनी पिढी चांगली असं म्हणणाऱ्यांनाच तिच्यातले काही भाग दाराबाहेर ठेवावे लागतात, हे नव्या पिढीचे लोक मोठ्या चवीने ऐकवतात.

त्यावर जुने बोट ठेवतात ते हाताच्या कौशल्यावर. मेटल पिढीत लाँचर, म्हणजे भोवरा सोडायचं यंत्र, किंचित तिरपा धरून, सरकवत सोडला, तर रबरी टोकाचा भोवरा आखाड्याच्या वाडग्यात फुलाच्या पाकळ्यांसारखा मार्ग काढत मधल्या शत्रूला पुन्हा पुन्हा येऊन ठोकतो. कोन चुकला तर पहिल्याच फेरीत स्वतः बाहेर. शिवाय ते रबर झिजतं, आणि झिजताना भोवऱ्याचा स्वभाव बदलतो. बेताचं झिजलेलं टोक कोऱ्यापेक्षा मौल्यवान मानणारे खेळाडू आहेत. संग्राहकाला नेमकी ही गोष्ट पचत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सीलबंद पाकीट हीच किंमत. एकाच खेळण्याचे हे दोन भक्त एकमेकांशी जेवढे भांडतात, तेवढे नव्या पिढीशीही भांडत नसतील.

२०१५ च्या जुलैत 'बर्स्ट' आलं. वरचा थर, मधली चकती, खालचा ड्रायव्हर असे तीनच भाग. फटक्यागणिक वरचा थर एकेक दात पुढे सरकतो आणि शेवटचा दात सुटला की भोवरा उघड्यावर फुटतो. आता बाहेर फेकलं जाणं किंवा दमणं याखेरीज हरण्याचा तिसरा मार्ग निघाला, आणि त्याला दोन गुण मिळू लागले. कल्पना झकास. पण दरवर्षी नवी प्रणाली काढायचा कंपनीचा वेग या पिढीत असा वाढला, की गॉड, चोझेत्सू, जीटी, सुपरकिंग, डायनामाइट असा पाढा म्हणावा लागतो. कालचा विजेता आज कपाटात. परदेशात हॅस्ब्रो कंपनी जी आवृत्ती विके तिचे थर आणि टोकं जपानी मालापेक्षा वेगळी, त्यामुळे एका नावाचे दोन भोवरे आणि त्यांवर आणखी एक वाद. बर्स्टवाल्यांचा युक्तिवाद मात्र ऐकण्यासारखा आहे: भोवरा डोळ्यांदेखत फुटतो तेव्हा सहा वर्षांच्या पोरालाही पंच लागत नाही.

आताची पिढी 'एक्स', १५ जुलै २०२३ ची. तिने लढाईची चावी भोवऱ्यातून काढून आखाड्याला दिली. स्टेडियमच्या कडेने दातेरी रूळ आहे आणि भोवऱ्याच्या टोकाभोवती तसेच दाते. दाते रुळात अडकले की भोवरा भन्नाट वेगाने कडेने धावतो आणि समोरच्यावर झेपावतो. समोरचा फिरायचा थांबला तर एक गुण, बाहेरच्या खणात पडला किंवा फुटला तर दोन, एक्स्ट्रीम खणात ढकलला तर तीन, आणि अधिकृत सामन्यात चार गुणांना विजय. एका फटक्यात सामन्याचा पाऊण भाग उरकतो. कंपनी याला खेळणं न म्हणता 'गिअर स्पोर्ट' म्हणते. मोठ्या माणसांसाठी खुला गट आहे, आणि २०२५ मध्ये तोक्योत जागतिक स्पर्धा झाली. नावाची जुनी पद्धतही परतली: 'ड्रॅन सोर्ड ३-६० एफ' मध्ये तीन म्हणजे रॅचेटला तीन टोकं, साठ म्हणजे उंची सहा मिलिमीटर, एफ म्हणजे सपाट. साडेचौदावरून सहावर! बेगोमा घासणाऱ्या पोरांना हा आकडा फार आवडला असता.

मग समोरासमोर लावून का पाहत नाहीत? कारण जमत नाही. प्रत्येक पिढीचा लाँचर वेगळ्या दातांनी भोवरा धरतो, वाडग्याचा उतार आणि खोली वेगळी. प्लास्टिक पिढीचा भोवरा एक्सच्या आखाड्यात टाकला तर तो रूळ पकडू शकत नाही आणि समोरच्याच्या पहिल्या झेपेत जातो. एक्सचा भोवरा जुन्या वाडग्यात टाकला, तर त्याचे दाते निकामी. निकाल आखाडा निवडतानाच लागतो, म्हणून आखाडा कोणता हेच भांडणाचं मूळ.

आणखी एक बाजू आहे जी खेळणारे विसरतात आणि जपणारे विसरूच शकत नाहीत: वय. पांढरं एबीएस प्लास्टिक उन्हात पिवळं पडतं, मऊ रबर काही वर्षांत चिकट होतं, धातूवरचा मुलामा पहिल्याच लढाईत सोलला जातो, बर्स्टचे पॉलिकार्बोनेटचे थर तडकतात. प्लास्टिक पिढी जपायला सगळ्यांत कठीण आणि म्हणून सगळ्यांत महाग. भारतात तर जपानी माल मिळवणं हीच कसरत. २०२० च्या अर्थसंकल्पाने खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ते ७० झालं, आणि १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचा (बीआयएस) शिक्का सक्तीचा. देशी खेळणी उद्योगाला आधार मिळावा हा हेतू होता. संग्राहकाच्या खिशाचा विचार त्यात असण्याचं कारण नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत मात्र नकला कधीच आटल्या नाहीत. त्यांचा धातू हलका, कडा बोथट, पेटीवरच्या अक्षरांत चुका. मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ जणांचं पहिलं प्रेम अशाच एका नकलेवर बसलं आणि तेच आज अस्सल-नकलीचे सगळ्यांत कडक परीक्षक झालेत.

माझा कौल २००८ च्या पिढीला, बसाल्ट वजा करून. हात, भाग आणि आखाडा या तिघांनाही तिथे बोलायला जागा आहे. प्लास्टिक पिढीत भागांचा गोंगाट जास्त, बर्स्टमध्ये कंपनीच्या वेळापत्रकाचा, आणि एक्समध्ये रूळ इतका मोठ्याने बोलतो की खेळाडूचा हात ऐकू येत नाही. एक्सवाल्यांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, रूळ पकडण्याचा कोन आणि जोर साधायला महिने जातात, तुम्ही फुलाच्या पाकळ्यांवर जीव टाकता आणि इथे मनगट पाहत नाही. यात तथ्य आहे, हे एखादी खुल्या गटातली लढत पाहिल्यावर नाकारता येत नाही.

टाकारा तोमीने दरम्यान दोन्ही बाजूंना माल विकायचा मार्ग काढलाच. एक्सच्या भागांवर बसतील असे ड्रगून, ड्रँझर, ड्रायगर, ड्रेसिएल, पेगासस आणि एल-ड्रॅगो पुन्हा बाजारात आले. कंपनी सांगते, की ऐंशीहून अधिक देश-प्रदेशांत आजवर पन्नास कोटींहून अधिक बेब्लेड गेलेत. जुन्या नावांना नवे दाते बसवण्याइतका मोठा हा बाजार आहेच. जुने संग्राहक म्हणाले, हा ड्रगून नव्हेच, ड्रगूनचा मुखवटा घातलेला एक्स आहे. आणि ते म्हणत असतानाच त्यांनी तो घेतला. एक पाकीट फोडायला, एक सीलबंद ठेवायला.