निळ्या डबीतले पैसे

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्च या ख्रिस्ती पंथाच्या अनेक कुटुंबांत पुठ्ठ्याची एक निळी डबी असते. काही चांगले घडले, की देवाचे आभार मानून तीत नाणे टाकायचे. चर्चमधल्या स्त्रियांनी १८८९ मध्ये ही प्रथा सुरू केली. पहिल्याच निधीतून अलास्कातील अॅन्विक गावी चर्च उभारायला मदत झाली आणि एक मिशनरी जपानला गेली. मला हे फार मोलाचे वाटते.

स्थानिक चर्चचा नेहमीचा खर्च मात्र सभासदांनी कबूल केलेल्या वार्षिक देणगीवर चालतो. त्यातला वाटा डायोसिसला, म्हणजे बिशपच्या प्रांताला जातो. डायोसिसने ठरावीक सूट वजा जाता उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम केंद्रीय चर्चला द्यायची असते. याशिवाय अनेक चर्चमध्ये लेंटच्या उपवासकाळाआधीच्या मंगळवारी पॅनकेकचे सामुदायिक जेवण होते. त्यातून पैसे थोडेच जमतात, पण शेजारीपाजारी एकत्र येतात.